पारा: सोन्याच्या मागून येणारं विष



धातूंचे गुणधर्म शिकवताना पारा आला की वर्ग जागा होतो. "सर, धातू आहे तर पातळ कसा?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर सोपं आहे. पारा उणे ३९ अंश सेल्सिअसला गोठतो, त्यामुळे रहिमतपूरच्या ऐन थंडीतही तो द्रवच राहणार. पण एवढ्यावर पाठ संपवला तर मुख्य गोष्ट राहून जाते. पारा नष्ट होत नाही. तो जागा बदलतो, रूप बदलतो आणि फिरून सजीवांच्या शरीरात येतो. आज हा प्रवास समजून घेऊ.

सोनं आणि पारा यांची गाठ

आपल्या भागात हा विषय समजावणं सोपं जातं, कारण गलाई मुलांना माहीत असते. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव या बाजूची कितीतरी कुटुंबं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. मूस, भट्टी, तेजाब हे शब्द अनेक घरांत रोजचे. गलाईवाल्याकडे सोनं येतं ते दागिन्याच्या किंवा तुकड्याच्या रूपात. पण खाणीत ते दगडात आणि नदीच्या वाळूत बारीक कणांनी विखुरलेलं असतं. हे कण गोळा करायचे कसे?

इथे पारा कामाला येतो. पारा सोन्याला धरतो, वाळूला सोडून देतो. दगडाचा चुरा किंवा वाळू पाण्यात कालवून त्यात पारा मिसळला की सोन्याचे कण त्याला चिकटतात. मग तो गोळा फडक्यातून पिळतात. जादा पारा गळून जातो आणि हातात सोनं-पाऱ्याचा पांढरट गोळा उरतो. याला पारदसंमिश्र म्हणतात. तो तापवला की पारा वाफ होऊन उडतो आणि सोनं मागे राहतं. पारा ३५७ अंशांना उकळतो, सोनं मात्र १०६४ अंशांपर्यंत वितळतसुद्धा नाही. सगळी युक्ती या फरकात आहे.

ही पद्धत स्वस्त आहे, त्यामुळे गरिबाच्या हाताशी आहे. जगात ७० हून जास्त देशांत सुमारे दीड कोटी माणसं अशा लहान खाणींत राबतात. त्यांत बाया आणि मुलंही आहेत. कुठे उघड्या तव्यावर, तर कुठे घरच्या चुलीवर तो गोळा तापवला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबानुसार २०१५ साली माणसाच्या उद्योगांमुळे सुमारे २,२०० टन पारा हवेत गेला. त्यातला सर्वांत मोठा वाटा, जवळजवळ ३८ टक्के, या लहान सोन्याच्या खाणींचा होता. दगडी कोळसा जाळल्यामुळे गेलेला वाटा साधारण २१ टक्के होता.

वाफ जाते कुठे?

मुलांना विचारा, "उडून गेला म्हणजे संपला का?" पाण्याची वाफ पाऊस होऊन परत येते, हे त्यांना ठाऊक असतं. पाऱ्याचंही तसंच आहे. काही वाफ जवळच खाली बसते, तर काही वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर जाते.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या माद्रे दे दिओस भागात नदीकाठची जंगलं तोडून सोनं काढतात. तिथल्या खाणींजवळच्या दाट जंगलाचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. झाडांची पानं हवेतला पारा धरून ठेवतात, आणि पानं गळली की तो मातीत उतरतो, असं त्यात दिसलं. त्या जंगलातल्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या अंगातही तो सापडला. याच भागात पाऱ्याच्या प्रदूषणामुळे पेरू सरकारने मे २०१६ मध्ये आणीबाणी जाहीर केली होती.

चिखलातून ताटात

नदी-तळ्याच्या तळाशी, जिथे प्राणवायू कमी असतो, तिथले काही जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप जास्त घातक आहे, कारण ते शरीरात सहज शिरतं आणि लवकर बाहेर पडत नाही. शेवाळातून ते बारीक किड्यांत जातं, किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत. प्रत्येक पायरीवर साठा वाढतो. मोठ्या शिकारी माशात त्याचं प्रमाण आसपासच्या पाण्यापेक्षा दहा लाख पटींनीही जास्त असू शकतं. पाणी तपासलं तर स्वच्छ, आणि मासा मात्र विषारी!

मासे खाणारे पक्षी आणि पाणमांजरं या साखळीच्या टोकाला असतात. अमेरिकेत पांढऱ्या शराटी पक्ष्यांच्या काही थव्यांना अन्नातून थोडा थोडा मिथिल पारा देऊन पाहिला. पक्षी मेले नाहीत. पण त्यांच्या जोड्या नीट जमेनात आणि पिल्लं कमी झाली. म्हणजे वरवर थवा ठीक दिसतो, आणि पुढची पिढी मात्र आटत जाते.

माणसाचं काय होतं, ते जपानच्या मिनामाता गावाने दाखवलं. तिथे खाण नव्हती. एका रासायनिक कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी १९३२ ते १९६८ पर्यंत समुद्रात जात होतं. आधी मांजरं वेडीवाकडी नाचू लागली आणि मेली. मग माणसांचे हात थरथरू लागले, नजर आणि बोलणं बिघडलं. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट ही, की काही आयांना फारसा त्रास नव्हता, पण त्यांच्या पोटची मुलं मेंदूला इजा होऊन जन्मली. मिथिल पारा वारेतून बाळापर्यंत पोचतो. पाऱ्यावरचा जागतिक करार याच गावाच्या नावाने ओळखला जातो. तो २०१३ साली झाला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात पारा वापरून सोनं काढणाऱ्या खाणी नाहीत, पण कोळशाच्या आहेत. दगडी कोळशात पारा अगदी थोडा असतो. मात्र चंद्रपूरसारख्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रात कोळसा इतका जळतो की थोड्याचंही बरंच होतं. म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातल्या पाऱ्यावर मर्यादा घातली: घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम.

आणि सोनं? भारत दरवर्षी शेकडो टन सोनं परदेशातून आणतो. लग्नसराईत आपण तोळ्याचा भाव विचारतो, पण ते कुठल्या नदीतून आलं हे विचारत नाही. हा प्रश्न वर्गात जरूर मांडा.

शाळेत आणि घरी

प्रयोगशाळेत पाऱ्याचा तापमापक फुटला तर:

१. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा.
२. हातातली अंगठी, बांगड्या आधी काढा. पारा सोन्याला लगेच चिकटतो आणि सोनं पांढरं पडतं.
३. झाडू मारू नका, त्याने थेंब फुटून पसरतात. हातमोजे घालून जाड कागदाने थेंब एकत्र करा आणि थोडं पाणी असलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा.
४. मोरीत, कचऱ्यात किंवा जाळात टाकू नका. बाटलीवर नाव लिहून ती घातक कचऱ्यासाठी वेगळी ठेवा.

बऱ्याच पालकांना पारा गिळण्याची भीती वाटते. खरं तर तापमापकातला पारा पोटातून बहुतेक तसाच बाहेर पडतो. तरीही डॉक्टरांना दाखवायचंच. त्याची वाफ मात्र श्वासातून गेली तर सुमारे ८० टक्के शरीरात राहते. म्हणून तळहातावर पारा खेळवणं नको, आणि बंद खोलीत तर नकोच.

मासे खाणं सोडू नका. तारली, बांगडा, रोहू यांत पारा सहसा कमी असतो. मोरीसारखे मोठे शिकारी मासे गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी टाळावेत.

वर्गातला उपक्रम

२५ मुलं घ्या. २० जण लहान मासे, ४ जण मोठे मासे, एक जण पक्षी. प्रत्येक लहान माशाला ५ हरभरे द्या, तो पारा. प्रत्येक मोठा मासा ५ लहान मासे 'खातो', म्हणजे त्यांचे हरभरे घेतो. शेवटी पक्षी चारही मोठे मासे खातो. आता मोजायला सांगा: लहान माशाकडे ५, मोठ्या माशाकडे २५, पक्ष्याकडे १००. मग विचारा, पक्ष्याच्या जागी माणूस असेल तर? उत्तर मुलांनाच देऊ द्या.