काम तुमचं, मोजतंय कोण?

मार्च जवळ आला की ऑफिसातल्या गप्पांचा नूरच बदलतो. ‘तुझं अप्रेझल झालं का गं?’, ‘रेटिंग काय आलं?’ पूर्वी बऱ्याच नोकऱ्यांत दरवर्षीची ठरलेली वेतनवाढ आणि दिवाळीचा बोनस, एवढंच गणित असायचं. १९६५ च्या कायद्याने पात्र कामगारांना किमान बोनसचा हक्क दिला. आता कितीतरी खासगी कंपन्या पगाराचाच एक हिस्सा ‘व्हेरिएबल पे’ म्हणून बाजूला काढतात. कामगिरी बघून तो मिळतो, कधी पूर्ण, कधी निम्मा.

कल्पना तशी जुनीच. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या हजार विड्यांमागे मजुरी मिळत आलीय. जितक्या विड्या, तितके पैसे. पण विड्या तपासणारा ‘छाट’ काढतो, म्हणजे नापास विड्या बाजूला करतो, आणि मजुरीला कात्री लागते. हात बाईचे, माप दुसऱ्याचं! तरी विड्या निदान डोळ्यांना दिसतात. नव्या मुलीला काम शिकवणं, चिडलेल्या ग्राहकाला शांत करणं, टीममधल्या कुरबुरी मिटवणं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? आणि नेमकी हीच कामं बऱ्याचदा बायकांच्या वाट्याला येतात.

आता जरा हिशेब करू या. समजा, तुमचं वर्षाचं पॅकेज १२ लाखांचं आहे. त्यातलं २० टक्के व्हेरिएबल, म्हणजे २ लाख ४० हजार. रेटिंग बेताचं आलं आणि त्यातले ६० टक्केच मिळाले, तर हातात येतात १ लाख ४४ हजार. ९६ हजार गेले! शिवाय पगारवाढही त्याच रेटिंगवर ठरत असेल, तर एका वर्षाची घट पुढेही सोबत येत राहते.

बाळंतपणाच्या वर्षी हे जास्तच टोचतं. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळू लागली. पण टार्गेट वर्षाचंच ठेवलं, तर तिच्या सहा महिन्यांची तुलना इतरांच्या बारा महिन्यांशी होते. त्यात काही ठिकाणी ‘बेल कर्व्ह’ असतो. टीममधल्या ठरावीक जणांना खालचं रेटिंग द्यायचंच. मग रजेवर गेलेलीचं नाव साहेबांना पटकन सुचतं. मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली, पण सगळीकडून काही ती गेलेली नाही.

मग करायचं काय? नोकरी स्वीकारतानाच विचारा, व्हेरिएबल किती, ते कोण ठरवतं आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के वाटलं? केलेल्या कामाची नोंद महिन्याच्या महिन्याला ठेवा. मार्चमध्ये एप्रिलचं काम ना साहेबांना आठवतं, ना आपल्याला. रजेवर जाण्याआधी टार्गेट किती कमी होणार, हे ई-मेलवर लिहून घ्या. रेटिंग पटलं नाही तर कारण लेखी मागा. ‘वाईट दिसेल का?’ हा विचार मनातून काढून टाका.

वाण्याच्या बिलातला आकडा न् आकडा आपण तपासतो. मग स्वतःच्या अप्रेझलवर न वाचता सही का करायची?