मृदंगाचार्य निघून गेल्यावर

हरिनाम सप्ताहाची पत्रिका आपल्या बीड जिल्ह्यात कुठल्याही एस.टी. स्टँडवर किंवा पानटपरीच्या फळीवर चिकटवलेली दिसते. वर ग्रामदैवताचे नाव, त्याखाली कीर्तनकार महाराजांचे फोटो, मग अन्नदात्यांची यादी आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार. कीर्तन ऐकून घरी परतणारा माणूस ‘महाराज काय बोलले!’ असेच म्हणतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण अभंगाच्या चरणाशी येऊन महाराज थांबतात आणि सारा मांडव एका क्षणात उभा राहून टाळ्या वाजवू लागतो, तो क्षण मृदंगवाल्याने मागून अलगद आणून ठेवलेला असतो. शब्द महाराजांचे, त्या शब्दांना पाय मृदंगाचे.

मग वर्षानुवर्षे साथ करणारा मृदंगाचार्य एके दिवशी वेगळा झाला, तर काय होते? महाराज तेच, अभंग तेच, मांडवही तोच. तरी लोक ओळखतात की काहीतरी हलले आहे. असे माणूस गेल्यावर उरलेल्यांनी काय करावे, हा आजचा विषय. त्यासाठी मी तुम्हांला जरा लांब, थेट अमेरिकेत नेणार आहे. तिथे ‘डे ला सोल’ नावाच्या तीन पोरांच्या रॅप मंडळींवर १९९६ साली नेमकी हीच वेळ आली होती. कॉलेजात जाणाऱ्या पुतण्यामुळे ती कहाणी माझ्या कानांवर आली, आणि ऐकता ऐकता ती मला फार ओळखीची वाटू लागली.

रॅप म्हटले की आमच्या पिढीच्या कपाळाला आठ्या पडतात. गाणे म्हणावे तर सूर नाही, भाषण म्हणावे तर ताल आहे! पण ज्यांनी पोवाडा ऐकला, भारूड पाहिले, कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब रात्रभर जागून ऐकले, त्यांना यात परके काय आहे? ठेक्यावर यमके जुळवून बोलणे आणि समोरच्याला शब्दांत पकडणे, हाच तर खेळ. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७३ च्या सुमारास गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी तो सुरू केला. वाद्ये घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी जुन्या तबकड्या फिरवून त्यांतला ठेकाच वाद्य म्हणून वापरला.

या कलेत ‘प्रोड्यूसर’ नावाचा जो माणूस असतो, तो आपल्या सिनेमातल्या पैसे घालणाऱ्या निर्मात्यासारखा नव्हे. जुन्या गाण्यांतले तुकडे निवडणे, ते एकमेकांना जोडणे, त्यांखाली ठेका बसवणे, कोणी कुठे बोलायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवणे, ही सारी कामे त्याची. म्हणजे संगीतकार, ढोलकीवाला आणि संकलक हे तिघे एकाच अंगात. तो समोर येत नाही. पत्रिकेत त्याचे नाव तळाशी असते.

डे ला सोलची तिन्ही पोरे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ॲमिटीव्हिल गावची, एकाच शाळेतली. त्यांची नावेही गमतीची. डेव्हिड जोलिकोर याला दही आवडायचे, म्हणून त्याने दह्याचा इंग्रजी शब्द उलटा करून ‘ट्रूगॉय’ असे नाव घेतले. दुसरा केल्विन मर्सर, त्यानेही असाच शब्द उलटवून ‘पॉसडनूस’ हे नाव केले. तिसरा व्हिन्सेंट मेसन, तो झाला ‘मेसिओ’. त्यांना भेटला त्याच गावचा पॉल ह्यूस्टन, म्हणजेच प्रिन्स पॉल. तो आधीच एका नावाजलेल्या मेळात तबकड्या फिरवीत असे. या चौघांनी मिळून ३ मार्च १९८९ रोजी ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ ही पहिली रेकॉर्ड बाजारात आणली. त्या काळी रॅप म्हणजे दरडावणी आणि दमदाटी, असा समज रुजत चालला होता. या पोरांनी मात्र फुलाफुलांचे कव्हर काढले, गाण्यांच्या मध्ये प्रश्नमंजूषेचे विनोदी प्रवेश घातले आणि कुठकुठल्या जुन्या गाण्यांचे तुकडे गोधडीसारखे शिवून टाकले. ती शिवण प्रिन्स पॉलची. पुढे १९९१ आणि १९९३ मध्ये आणखी दोन रेकॉर्ड आल्या. त्यांनाही हात त्याचाच होता.

आणि चौथ्या वेळी, १९९६ साली, तो नव्हता.

मी आयुष्यातली बरीच वर्षे बँकेच्या खुर्चीत घालवली. त्यामुळे भागीदार वेगळा झाला की मला आधी कायदा आठवतो. भागीदारी फर्ममधला एखादा भागीदार वारला किंवा बाहेर पडला, आणि फर्मच्या खात्यावर कर्ज असले, तर बँक ते खाते तिथल्या तिथे थांबवते. त्या दिवसाची बाकी काढते आणि पुढचे व्यवहार नव्या खात्यात करायला लावते. याच्या मुळाशी १८१६ सालचा एक जुना इंग्रजी निवाडा आहे. बँकेत त्याला ‘क्लेटनचा नियम’ म्हणतात. चालू खात्यात नंतर भरलेला पैसा आधीच्या जुन्या देण्याकडे वळता होतो. तेच खाते पुढे चालू ठेवले, तर गेलेल्या माणसाची जबाबदारी किती होती, हे दिसेनासे होते. म्हणून रेघ मारायची आणि नवे पान उघडायचे. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्यात आणखी एक शहाणपण आहे. बाहेर पडलेला भागीदार स्वतःचा तसाच धंदा थाटू शकतो. मात्र वेगळा करार नसेल, तर फर्मचे नाव त्याला वापरता येत नाही. नाव मागे राहते, माणूस पुढे जातो.

कलेत ही रेघ मारणे सोपे नसते. आपल्याकडेच पाहा. दादा कोंडक्यांच्या ‘पांडू हवालदार’ला १९७५ साली संगीत देणारी ‘राम-लक्ष्मण’ ही जोडी आठवत असेल. यातले राम म्हणजे सुरेंद्र आणि लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. ‘एजंट विनोद’ हा हिंदी चित्रपट हाती आला आणि १९७६ मध्ये राम गेले. लक्ष्मण एकटे उरले. पण त्यांनी नाव बदलले नाही. पुढे ‘मैंने प्यार किया’ (१९८९), ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) यांची गाणी घराघरांत वाजली, लग्नाच्या मांडवांत वाजली, आणि प्रत्येक कॅसेटवर ‘राम-लक्ष्मण’च छापलेले असे. कित्येकांना वाटत राहिले की ही दोन माणसे आहेत, किंवा एकाच माणसाचे हे नाव आहे. २०२१ साली विजय पाटील गेले, तोवर पंचेचाळीस वर्षे त्यांनी मित्राचे नाव आपल्या नावाच्या आधी वागवले. जयकिशन १९७१ साली गेल्यावर शंकर यांनीही जोडीचेच नाव पुढे चालवले. बँकेच्या भाषेत हे खाते बंद करायला हवे होते. माणुसकीच्या भाषेत ते चालू ठेवले, यातच त्यांचा मोठेपणा.

डे ला सोलपुढचा पेच आणखी अवघड होता. त्यांचा जोडीदार वारला नव्हता. तो हयात होता, आपल्या कामांत रमला होता. फक्त दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. अशा वेळी सहानुभूतीही मिळत नाही. लोक म्हणतात, खरी करामत त्याचीच होती. आता बघू यांना काय जमते. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, आणि एकटा माणूस निघाला तर तो ‘अर्धा कोयता’. दोघांचे काम एकट्याने किती होणार, याचा हिशेब त्या शब्दातच आहे. या तिघांकडे जग अर्धा कोयता म्हणूनच पाहत होते.

त्यांनी मग काय केले? पॉलची नक्कल करणारा दुसरा माणूस शोधला नाही. बरेचसे संगीत स्वतःच बसून केले, आणि ज्या गाण्यावरून रेकॉर्डला नाव दिले, त्याचे संगीत डेट्रॉइटच्या एका पोराकडे सोपवले. त्याचे नाव जेम्स यान्सी, पुढे ‘जे डिला’ म्हणून प्रसिद्ध झालेला. तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता. पुढे २००६ साली तो वयाच्या ३२ व्या वर्षी गेला. आज जगभरचे रॅपवाले त्याला गुरू मानतात. अशा नवख्या हातात मुख्य गाणे देणे याला धाडसच लागते. रेकॉर्डचे नाव ठेवले ‘स्टेक्स इज हाय’. आपल्या भाषेत, ‘बरेच काही पणाला लागले आहे’. पॉलच्या काळातली फुले आणि थट्टामस्करी मागे पडली. आवाज मोठ्या माणसांचे झाले. आपल्या कलेत पैसा, बंदुका आणि भपका शिरला आहे, याची सरळ तक्रार त्यांनी त्यात मांडली. पहिल्या रेकॉर्डइतका गाजावाजा झाला नाही, पण जाणकार आज तिला त्यांच्या उत्तम कामांत धरतात. मी ती ऐकली. शब्द फारसे कळले नाहीत, पण ठेका कळला. आधीच्या रेकॉर्डमधला ठेका जत्रेतला होता. हा शेतावरून संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाच्या चालीतला आहे.

इथे गोष्ट संपली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. या पोरांची खरी परीक्षा पुढे होती, आणि ती संगीताची नव्हती, कागदाची होती.

प्रिन्स पॉलने शिवलेल्या त्या गोधडीतला प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी मालकीचा होता. १९९१ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाने दुसऱ्या एका रॅप गायकाविरुद्ध निकाल देताना, बायबलमधल्या चोरी न करण्याच्या आज्ञेनेच सुरुवात केली. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि प्रत्येक परवानगीचे पैसे, असा हिशेब सुरू झाला. डे ला सोलवरही ‘टर्टल्स’ या जुन्या मेळातल्या गायकांनी दावा लावला होता. तो न्यायालयाबाहेर मिटला. पण खरे दुखणे निराळेच होते. १९८९ च्या सुमाराचे परवानगीचे करार तबकड्या आणि कॅसेट यांच्यापुरतेच लिहिलेले होते. इंटरनेटवर गाणी ऐकण्याचा काळ आला, तेव्हा त्या कागदांत त्याचा उल्लेखच नव्हता. परिणाम असा, की साऱ्या जगाची गाणी मोबाइलवर वाजू लागली, पण यांच्या पहिल्या रेकॉर्ड वर्षानुवर्षे तिथे नव्हत्याच. नव्या पिढीच्या लेखी ही मंडळी जवळजवळ नव्हतीच म्हणा ना! वैतागून २०१४ साली त्यांनी आपली जुनी गाणी एका दिवसापुरती फुकट वाटून टाकली.

रेकॉर्ड कंपनी कलावंताला आधी पैसे देते आणि मग विक्रीतून ते कापून घेते. बीडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मुकादम दसऱ्याच्या आधी देतो ती ‘उचल’ हीच. ती फिटेपर्यंत कोयता चालवायचा, आणि नाही फिटली तर पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच ट्रॅक्टरवर चढायचे. २०१९ साली या रेकॉर्ड इंटरनेटवर आणायचे ठरले, तेव्हा कंपनीने मांडलेल्या वाटणीत शंभरातले नव्वद कंपनीला आणि दहा आपल्याला येतात, असे या तिघांनी जाहीरपणे सांगितले आणि नकार दिला. कंपनीचे मालक २०२१ मध्ये बदलले, नव्या मालकांशी समझोता झाला आणि ३ मार्च २०२३ रोजी, पहिल्या रेकॉर्डला बरोबर ३४ वर्षे झाली त्या दिवशी, सारी जुनी गाणी जगाला खुली झाली.

दही आवडणारा तो ट्रूगॉय मात्र १२ फेब्रुवारी २०२३ रोजीच गेला होता. वय ५४. तीन आठवडे आणखी मिळते, तर आपली गाणी नातवंडांच्या वयाच्या पोरांच्या मोबाइलवर वाजताना त्याने ऐकली असती. उचल फिटली, पण फेडणाऱ्यांतला एक तो दिवस पाहायला उरला नाही.

त्याच्या हयातीत मात्र त्यांनी एक काम केले, ते मला फार आवडले. कंपनीच्या दारात न जाता त्यांनी चाहत्यांकडून लोकवर्गणी गोळा केली. आपल्याकडे सप्ताहाला घरटी करतात तशीच, फक्त इंटरनेटवरून. सुमारे ११ हजार लोकांनी मिळून ६ लाख डॉलरच्या वर रक्कम दिली. त्या पैशांत त्यांनी खरे वादक बोलावले, त्यांच्याकडून तासन् तास वाजवून घेतले आणि त्या वादनातलेच तुकडे कापून २०१६ ची रेकॉर्ड शिवली. कापड स्वतःचे, शिवण स्वतःची. पॉलने शिकवलेली विद्या तीच होती. चिंध्यांसाठी मात्र आता कोणाच्या दारात उभे राहायचे नव्हते. जोडीदार गेल्यावर त्याचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी ठाऊक नाही.

आता हे सारे आपल्या घराजवळ आले आहे. माजलगाव, परळी, अंबाजोगाईकडची पोरे मोबाइलवर रॅप करू लागली आहेत. दुष्काळ, ऊसतोड, नोकरीची वाट पाहणारी तरुण मुले, हे विषय त्यांच्या तोंडात खोटे वाटत नाहीत. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, तिथल्या मातीत शब्दांची चणचण पडायचे कारणही नाही. पण ठेका बहुधा इंटरनेटवरून तयार घेतलेला असतो, नाहीतर वर्गातला एखादा हुशार मित्र तो फुकट करून देतो. तयार ठेक्याचे हक्क पुष्कळदा मर्यादित असतात. किती वेळा वाजवायचा, कुठे वाजवायचा, हे त्या परवान्यात लिहिलेले असते आणि कोणी वाचत नाही. आणि मित्राशी कागद कसला करायचा, असे वाटते.

पालकांना माझे सांगणे एवढेच. पोरगा असले काही करत असेल, तर ‘हे काय थेर’ म्हणून त्याला उठवून लावू नका. जवळ बसवा आणि दोन प्रश्न विचारा. ठेका कोणाचा? आणि त्याचे नाव कुठे लिहिले आहेस? एका कागदावर चौघांची नावे, चौघांचा वाटा, उद्या कोणी वेगळा झाला तर काय, एवढे चार ओळींत लिहून खाली सह्या घ्यायला सांगा. त्याने मैत्री तुटत नाही; उलट वाटा वेगळ्या झाल्या, तरी रस्त्यात भेटल्यावर एकमेकांच्या डोळ्यांत बघता येते.