फाटा कुठे, वर्तुळ कुठे?
२९ ऑक्टोबर २०१७ रोजी बीदर–कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला. (आम्ही सीमाभागातले मराठी लोक अजून गुलबर्गाच म्हणतो.) लंडनच्या १९३३ च्या नकाशापासून शहरी रेल्वेचे नकाशे खरे अंतर आणि वळणे सोडून फक्त जोडणी दाखवतात: मार्ग म्हणजे सरळ रेघ, गाडी बदलण्याचे स्थानक म्हणजे वर्तुळ. आपला नवा मार्ग असाच काढून वर्तुळ बीदरला दिले, तर प्रवासी फसतो. कारण फाटा फुटतो तो भालकीच्या बाजूला, खानापूरला. उदगीरहून हुमनाबादला निघालेल्याला खानापूर आधी लागते, बीदर पुढे. म्हणून मला दोन खुणा वेगळ्या हव्यात: रूळ फुटतात तिथे ठिपका, आणि गाडी बदलता येते तिथेच वर्तुळ.