मुंबईत एफएमची एवढी स्टेशनं, तरी आपलं गाणं का लागत नाही?

पेठ : तालुक्यातून कामासाठी नाशिक-मुंबईला गेलेली पोरं हेडफोन लावून एफएम ऐकतात. स्टेशन बदललं तरी बहुतेक ठिकाणी हिंदी सिनेमाचीच गाणी. मराठी अधूनमधून. पावरीवरचं, थाळीवरचं गाणं विचारूच नका.

याचं कारण पैशात आहे. खासगी एफएमला ऐकणाऱ्याकडून एक रुपयाही मिळत नाही, सगळा खर्च जाहिरातीतून निघतो. वाहिनी सरकारी लिलावात घ्यावी लागते, वर दरवर्षीची फी वेगळी. जाहिरात देणाऱ्याला जास्तीत जास्त माणसं हवीत. मुंबईत मराठी, गुजराती, उत्तर भारतीय सगळेच. सगळ्यांना चालेल असं गाणं म्हणजे नवं हिंदी. प्रत्येक स्टेशन हाच हिशोब करतं. एसटी स्टँडसमोर दहा गाड्या वडापावच्याच लागाव्यात आणि नागलीची भाकर कुठंच मिळू नये, तसं झालंय.

श्रोते मोजणारी 'रॅम' पद्धतही मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरतीच होती. म्हणजे पेठच्या माणसाची आवड मोजलीच जात नाही.

त्यात एफएमची लहर सरळ रेषेत जाते. सावळघाट, कोटंबी घाटाचे डोंगर आडवे आले की नुसती खरखर. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या २३४ नव्या शहरांसाठी ७३० खासगी वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यादीत मालेगाव, नंदुरबार आहे. पेठसारखं छोटं गाव नाही. खासगी कंपनी इथं येईल याची वाट बघण्यात अर्थ नाही.

मग वाट कोणती? सामुदायिक रेडिओ. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही त्याचा परवाना मिळतो, लिलाव नसतो. साताऱ्यातल्या म्हसवडचं 'माणदेशी तरंग' २००८ पासून असंच चालतं. अट अशी की संस्था नोंदणीकृत हवी, तिचं किमान तीन वर्षांचं काम हवं आणि निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत. एकट्या माणसाला किंवा राजकीय पक्षाला परवाना नाही. शाळा-कॉलेज, कृषी विज्ञान केंद्र अर्ज करू शकतात. पल्ला मात्र साधारण दहा किलोमीटरचाच, डोंगरात त्याहून कमी. सगळा तालुका एका स्टेशनात बसणार नाही.

तोवर डोंगऱ्यादेवाच्या रात्रींची गाणी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये रेकॉर्ड होतात आणि मेमरी कार्डावरून गावोगाव फिरतात. कार्ड खराब झालं की गाणं गेलं. थाळीवर कथा लावणारे जुने जाणते आता थोडेच उरलेत.

सध्या जवळचं सरकारी स्टेशन म्हणजे आकाशवाणी नाशिक, १०१.४. उंचावरच्या पाड्यावर लावून बघा. नेट लागत नाही, पण हेडफोन वायरचाच लागतो, कारण ती वायरच अँटेना असते.