नुसते भरभर वाचणे पुरत नाही

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगाली मुले ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या ‘वर्णपरिचय’ या बालपुस्तकावरून (१८५५) वाचायला शिकत: आधी अक्षरे, मग शब्द, मग वाक्ये. क्रम ठीकच, अडचण पुढे येते.

एका वेळी डोक्यात फार थोडे मावते. ‘राष्ट्र’मधले जोडाक्षर फोडण्यातच मूल दमले, तर वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटते. वाचनाचे अभ्यासक लाबर्ज आणि सॅम्युएल्स यांनी १९७४ मध्ये हेच मांडले: अक्षरओळख आपसूक झाली की लक्ष अर्थासाठी मोकळे होते. सॅम्युएल्स यांचा १९७९ चा उपाय साधा होता, तोच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचणे.

पण हे वाचन मोजायला हाती घड्याळ आले की वर्गात शर्यत लागते, आणि मिनिटाला किती शब्द एवढेच मोजणे मला अर्धवट वाटते. गफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचन म्हणजे शब्दओळख आणि भाषेची समज यांचा गुणाकार मानला. एक शून्य, तर उत्तरही शून्य. म्हणून, समजा उताऱ्यात कुणी रागावले असेल, तर दुसऱ्या वाचनानंतर विचारावे, “राग कुणाला आला? कशावरून?” तिसऱ्या वाचनात तो राग आवाजात उतरला पाहिजे.