बारा महिने, बारा नवे अनुभव

निवासी शाळेत दाखल झालेल्या मुलाचे पहिले वर्ष आठवून पाहावे. आईवडिलांपासून दूर काढलेली पहिली रात्र, पहाटेची घंटा, स्वतःचे कपडे स्वतः धुणे, पंगतीत वाढण्याची पाळी, ग्रंथालयातून स्वतःच्या नावावर घेतलेले पहिले पुस्तक, जयंतीच्या दिवशी व्यासपीठावरून केलेले पहिले भाषण. यांपैकी बहुतेक गोष्टी त्या मुलाने मागितलेल्या नसतात. वेळापत्रक त्या समोर आणून ठेवते आणि मूल कधी रडत, कधी हसत त्यांना सामोरे जाते. शाळा सुटते तेव्हा ते वेळापत्रकही सुटते. पुढे नोकरी, संसार, घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण यांत माणूस गुंतत जातो. 'यंदा मी आयुष्यात प्रथमच काय केले?' असा प्रश्न वर्षअखेरीस स्वतःला विचारला, तर आपल्यापैकी अनेकांना उत्तरासाठी बराच वेळ थांबावे लागेल.

एक वर्षभर दरमहा एक नवा अनुभव घेण्याचा संकल्प हा त्या सुटलेल्या वेळापत्रकाला पर्याय ठरू शकतो. हा संकल्प नेमका कसा असतो, त्यामागे कोणता विचार आहे आणि आपल्या समाजातील माजी विद्यार्थ्यांना व पालकांना त्याचे महत्त्व का वाटावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संकल्पाचे स्वरूप

संकल्प साधा आहे. वर्षाच्या प्रत्येक महिन्यासाठी पूर्वी कधीही न केलेली एक गोष्ट निवडायची, त्या महिन्यात ती शक्य तितकी नियमाने करायची आणि महिना संपला की तिचा शांतपणे हिशेब मांडायचा. आवडली तर चालू ठेवावी, नावडली तर सोडून द्यावी. पुढचा महिना नव्या गोष्टीचा.

निवड करताना तीन कसोट्या उपयोगी पडतात. पहिली, ती गोष्ट स्वतःच्या हातांनी, शरीराने किंवा बुद्धीने करावयाची असावी. दुसऱ्याने केलेली पाहत बसणे हा अनुभव नव्हे. दुसरी, ती थोडी अवघड असावी. पहिल्याच दिवशी जमली तर महिनाभर करण्यासारखे फारसे उरत नाही. तिसरी, ती फसली तरी घराचे, पैशाचे वा प्रकृतीचे नुकसान होऊ नये. कर्ज काढून केलेला प्रवास या कसोटीला उतरत नाही, परंतु शेजाऱ्याच्या सायकलवर तोल सांभाळायला शिकणे उतरते.

वर्षे लहान का होतात?

वय वाढते तशी वर्षे भराभर सरतात, ही जवळजवळ सर्वांची तक्रार असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात या अनुभवाची चर्चा केली आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा : बालपणी व तारुण्यात जवळपास प्रत्येक दिवशी काहीतरी नवे घडते आणि ते स्मृतीत स्वतंत्रपणे नोंदले जाते. पुढे दिनक्रम ठरून जातो. रोजचा रस्ता, रोजचे काम, रोजची माणसे यांच्या वेगळ्या नोंदी राहत नाहीत, त्या एकमेकींत विरघळून जातात. मागे वळून पाहताना वर्ष रिकामे भासते आणि म्हणूनच लहान वाटते.

वसतिगृहातील पहिल्या वर्षाच्या आठवणी चाळीस वर्षांनंतरही तासन्‌तास सांगता येतात, आणि नोकरीच्या अकराव्या व बाराव्या वर्षांतील फरक मात्र सांगता येत नाही, याचे कारण यात सापडते. दिवस दोन्हीकडे तितकेच होते. फरक नोंदींचा आहे.

महिनाच का?

नवी सवय एकवीस दिवसांत लागते, असे व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. या समजुतीचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घेण्यास रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातील 'किमान' हा शब्द पुढे गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एखादी कृती अंगवळणी पडण्यास त्यात सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, आणि व्यक्ती व कृती यांनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत गेला.

तेव्हा एका महिन्यात सवय लागेलच, अशी अपेक्षा धरू नये. महिना हा परिचयाचा काळ आहे. गोष्टीची पहिली भीती जाण्याइतका तो मोठा आहे आणि 'आयुष्यभर हेच करायचे का?' या दडपणाखाली माणूस खचू नये इतका लहान आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात आपली अशीच एक पद्धत नोंदवली आहे. त्यांनी तेरा सद्गुण निवडले आणि प्रत्येक आठवडा एका गुणाला दिला. तेरा आठवड्यांत एक आवर्तन पूर्ण होई आणि वर्षात चार आवर्तने होत. एकाच वेळी सर्व बाजूंनी सुधारण्याच्या नादात काहीच हाती लागत नाही, म्हणून एका वेळी एकच, हे त्यांचे सूत्र येथेही लागू पडते.

अवघडपणाचा लाभ

नवे शिकण्याचा उतारवयात काही उपयोग होतो का, हा प्रश्न पालकांच्या व आजी-आजोबांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात डेनिस पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात साठ ते नव्वद वयोगटातील २२१ व्यक्ती होत्या. काहींना डिजिटल छायाचित्रण शिकवले, काहींना आपल्या गोधडीसारख्या रजया शिवायला शिकवले, काहींना दोन्ही. आठवड्याला सुमारे पंधरा तास, असे तीन महिने हे शिक्षण चालले. दुसऱ्या काही गटांना तितकाच वेळ गप्पा, सहली, संगीत ऐकणे, शब्दकोडी अशा सोप्या व ओळखीच्या गोष्टींत घालवायला सांगितले. नवे कौशल्य शिकणाऱ्यांच्या स्मरणशक्तीत जी सुधारणा दिसली, ती या इतर गटांत तशी दिसली नाही.

मनाला खरा व्यायाम अवघड व अपरिचित कामातून मिळतो, असा याचा अर्थ. गोधडीचे टाके आणि जोड ज्यांच्या हाताला आधीच बसलेले आहेत, त्या आमच्या आजीने आता मोबाइलवर छायाचित्र काढायला शिकावे आणि तिच्या नातवाने तिच्याजवळ बसून गोधडी शिवायला शिकावे. एकाच घरात दोन शिक्षक व दोन विद्यार्थी तयार होतील, आणि खर्च शून्य.

आपल्यासाठी याचे मोल

हा सारा भरल्या पोटाचा छंद आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांना अनुभव निवडण्याची मुभा नव्हती. काम जन्माने ठरत असे. शाळेचा वर्ग, पाणवठा, वाद्य, ग्रंथ यांपासून त्यांना दूर ठेवले गेले होते. 'हे आपले काम नव्हे' हे वाक्य इतक्या वेळा ऐकवले गेले की, कायद्याने दारे उघडल्यावरही ते काहींच्या मनात रेंगाळत राहिले. पन्नाशीतला शिक्षित माणूस पोहायला शिकू लागतो, तेव्हा तो त्या वाक्याला उत्तर देत असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अफाट व्यापातही, आयुष्याच्या उत्तरार्धात, व्हायोलिन शिकण्यास वेळ काढला होता. व्हायोलिन वाजवल्याने त्यांना कोणती पदवी मिळणार होती? शिकण्याचा आनंद हा माणसाचा हक्क आहे, एवढे त्यातून नक्की समजते.

सामान्य माणसांची उदाहरणेही कमी नाहीत. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे या गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या स्त्रिया गुलाबी साडी नेसून, पाटी घेऊन वर्गात बसू लागल्या. तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता मोहिमेबरोबर ग्रामीण स्त्रियांनी सायकल शिकण्यास सुरुवात केली. सुमारे दीड वर्षात एक लाखाहून अधिक स्त्रिया सायकल चालवू लागल्याची नोंद पत्रकार पी. साईनाथ यांनी केली आहे. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, मुलांना पोहोचवणे यांसाठी त्यांना बसची वा घरातील पुरुषाची वाट पाहावी लागेना. एका नव्या अनुभवाने त्यांचे दिवस बदलले.

याहून जवळचे कारण म्हणजे आपली मुले. निवासी शाळेतील मूल सुटीत घरी येते तेव्हा त्याच्या बोलण्यात प्रयोगशाळा, संगणक, बीजगणित असते. आईवडिलांना वाटते, यातले आपल्याला काय कळणार? मग बोलणे 'जेवतोस ना नीट? पैसे पुरतात ना?' एवढ्यावर येऊन थांबते. या प्रश्नांत माया असते, पण अंतर वाढतच जाते. ज्या आईने याच महिन्यात स्कूटर शिकताना दोनदा तोल गमावला आहे, ती मुलाच्या नापास झालेल्या चाचणीकडे निराळ्या नजरेने पाहते. न जमण्याची लाज आणि जमू लागल्याचा आनंद तिच्या अंगावर ताजा असतो. मुलाशी बोलायला तिला बीजगणित यावे लागत नाही.

बारा महिन्यांचा एक नमुना

प्रत्येकाची यादी वेगळी असणार. ऋतुमानाला धरून केलेली पुढील मांडणी केवळ दिशा दाखवण्यासाठी आहे.

जानेवारीत आकाश स्वच्छ असते. मृग नक्षत्रापासून आरंभ करून तारे ओळखायला शिकावे. फेब्रुवारीत रोज एक पान रोजनिशी लिहावी. मार्चमध्ये, ज्या पुरुषांनी कधी स्वयंपाक केला नाही, त्यांनी रोज एक वेळची भाकरी व भाजी करावी. एप्रिलमध्ये ज्यांच्या जयंत्या आपण साजऱ्या करतो, त्या महामानवांचा एक मूळ ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा. मे महिन्यात जाणत्याच्या देखरेखीखाली पोहायला शिकावे. जूनमध्ये एखाद्या देशी झाडाचे बी रुजवून रोप वाढवावे. जुलैत जाणत्या बाईंबरोबर हिंडून टाकळा, फोडशी यांसारख्या रानभाज्या ओळखाव्यात. ऑगस्टमध्ये सायकल किंवा दुचाकी, सप्टेंबरमध्ये एखादे वाद्य.

ऑक्टोबरमध्ये धम्मलिपी, म्हणजेच ब्राह्मी लिपी शिकावी. ही लिपी वाचण्याची किल्ली विस्मरणात गेली होती. ती १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी पुन्हा शोधली. महिनाभर रोज अर्धा तास दिला तर अक्षरांची ओळख होते. मग नोव्हेंबरमध्ये कार्ले किंवा कान्हेरी येथील लेण्यांस जावे आणि भिंतीवरील लेखांतील अक्षरे स्वतः लावून पाहावीत. दान देणाऱ्या सामान्य कारागिरांची व व्यापाऱ्यांची नावे त्या दगडांवर आहेत. आजवर केवळ पाहिलेली लेणी या वेळी वाचता येऊ लागतील. डिसेंबरमध्ये घरातील वा वस्तीतील एखाद्या वृद्ध व्यक्तीच्या आठवणी ऐकून लिहून काढाव्यात. त्या व्यक्तीबरोबर जाणारा इतिहास तेवढाच मागे राहील.

पथ्ये

वर्ष पार पडावे यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. रोजची वेळ ठरवावी आणि ती अर्ध्या तासाहून मोठी ठेवू नये. साहित्य उसने घ्यावे. महागडी खरेदी झाली की, उत्साह खरेदीतच संपतो. एक सोबती असावा. वसतिगृहात आपण अभ्यासाला जोडीने बसत होतो, तोच मार्ग येथेही चालतो. जुन्या वर्गमित्राला दर पौर्णिमेला दूरध्वनी करून या महिन्यात काय जमले व काय नाही, ते सांगावे. आजारपण, पेरणी, लग्नकार्य यांत एखादा महिना वाया गेला तर तो पुढच्या महिन्यावर लादू नये. आणि छायाचित्रे प्रसारित करण्याची घाई टाळावी, कारण पाहणारे आले की, चुकण्याची मोकळीक जाते.

बारापैकी बारा गोष्टी टिकणार नाहीत, आणि टिकाव्यात अशी अपेक्षाही नाही. दोन टिकल्या तरी वर्ष सार्थकी लागले असे समजावे. उरलेल्या दहांनी आपण पुन्हा विद्यार्थी होऊ शकतो, ही खात्री दिलेली असते.

शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांना एक विनंती करावीशी वाटते. पुढच्या भेटीच्या दिवशी मुलाची गुणपत्रिका पाहण्यापूर्वी, या महिन्यात आपण कोणती नवी गोष्ट शिकत आहोत आणि ती आपल्याला अजून कशी जमत नाही, हे त्याला सांगावे. ते मूल लक्ष देऊन ऐकेल, आणि बहुधा दोन सूचनाही करील.