ॲक्टिव्ह डिरेक्टरी विदागाराची पुनर्प्राप्ती

ॲक्टिव्ह डिरेक्टरी विदागाराची पुनर्प्राप्ती म्हणजे विंडोज सर्व्हरवरील निर्देशिकेचे बिघडलेले विदागार पुन्हा वापरण्याजोगे करणे. संस्थेतील वापरकर्त्यांची खाती, संकेतशब्द आणि संगणक यांच्या नोंदी या विदागारात असतात. ते सांभाळणाऱ्या सर्व्हरला 'डोमेन कंट्रोलर' म्हणतात.

रचना

'एनटीडीएस.डीआयटी' ही विदागाराची मुख्य फाइल होय. प्रत्येक बदल प्रथम लॉग फाइलमध्ये नोंदला जातो व नंतर विदागारात उतरतो. त्यामुळे वीज अचानक गेली, तरी सर्व्हर पुन्हा सुरू होताना राहिलेले बदल लॉगवरून भरून घेतले जातात. मात्र डिस्क बिघडल्यास किंवा आवश्यक लॉग हरवल्यास हा उपाय चालत नाही.

दुरुस्तीच्या मर्यादा

'एसेंटयूटीएल' या साधनाद्वारे केलेली दुरुस्ती वाचता न येणारी पाने वगळते. हजेरीपटातील फाटकी पाने काढून तो पुन्हा शिवला, तर पट उघडतो. गेलेली नावे परत येत नाहीत. शिवाय अशा दुरुस्तीनंतर जुने लॉग त्या विदागाराला लागू पडत नाहीत. म्हणून दुरुस्तीपूर्वी विदागार व सर्व लॉग यांची प्रत काढणे आवश्यक असते.

दुरुस्ती फसल्यानंतरचे उपाय

दुसरा डोमेन कंट्रोलर सुस्थितीत असल्यास बिघडलेल्या सर्व्हरची भूमिका व त्याच्या नोंदी काढून टाकून त्याला नव्याने जोडतात; विदागाराची प्रत दुसऱ्याकडून आपोआप मिळते. सर्व्हर एकच असल्यास तो निर्देशिका पुनर्स्थापना अवस्थेत सुरू करून राखीव प्रतीवरून विदागार परत आणतात. या अवस्थेचा संकेतशब्द स्वतंत्र असतो. राखीव प्रत पुसलेल्या नोंदींच्या जतनकाळापेक्षा जुनी चालत नाही. हा काळ सामान्यतः १८० दिवसांचा असतो. राखीव प्रतही नसल्यास निर्देशिका नव्याने उभारावी लागते.

उदाहरण

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या घातक प्रणालीचा फटका मर्स्क या जहाजवाहतूक समूहाला बसला. महाराष्ट्रातील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. प्रसिद्ध वृत्तांतानुसार समूहाचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवत. हल्ल्यात ते जवळजवळ सर्वच निकामी झाले. घानामधील एक सर्व्हर वीज गेल्याने त्या वेळी बंद होता, म्हणून तेवढाच वाचला. त्यावरील विदागारातून निर्देशिका पुन्हा उभारण्यात आली. परस्परांशी जोडलेल्या अनेक प्रती असल्या, तरी जाळ्यापासून अलग ठेवलेल्या राखीव प्रतीची जागा त्या घेऊ शकत नाहीत, हे या घटनेने दाखवून दिले.